अधिकार कोणाला?

२००९ साली सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख काझ हिराई यांनी एक विलक्षण युक्तिवाद केला. प्लेस्टेशन ३ वर गेम बनवणं मुद्दामच सोपं ठेवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं सुरुवातीलाच हाती लागलं, तर पुढची वर्षं त्या यंत्रातून काढायचं काय? मी चिमूरला मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटतो, कारण धर्माच्या क्षेत्रात तो फार जुना आहे: ज्ञान अवघड ठेवा, म्हणजे ते पात्र माणसालाच मिळेल.

त्या यंत्रातली अडचण खरीच होती. सेल चिपमध्ये मुख्य प्रोसेसरच्या जोडीला छोटे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाजवळ स्वतःची जेमतेम २५६ किलोबाइट मेमरी. कुठली माहिती कधी आत आणायची, कधी बाहेर न्यायची, हे प्रोग्रामरनंच सांभाळायचं. पुढे प्लेस्टेशन ४ ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी निराळं माप लावलं. नवं यंत्र मिळाल्यापासून पडद्यावर पहिला त्रिकोण उमटायला किती काळ लागतो? त्यांच्या हिशेबानं प्लेस्टेशन ३ वर ६ ते १२ महिने, ४ वर १-२ महिने, ५ वर महिन्याहूनही कमी.

मग कष्ट घटले म्हणून साधना उणावली का? मुळीच नाही. धर्माच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. तुकडोजी महाराजांनी आमच्याच तालुक्यात, गोंदेड्याच्या गुहेत तप केलं. पण ग्रामगीता लिहिली ती शेतकऱ्याला ऐकताक्षणी उमगेल अशा ओवीत. भाषा सोपी झाली, आचरण सोपं झालं नाही. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, तेव्हाही हेच घडलं.

माझ्या वर्गातली एक मुलगी गोडो या मोफत साधनावर गेम बनवते आहे. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली आजी, आणि त्याच रानात वाघ. आजीला पडद्यावर चालतं करणं तिला सहज जमलं. आता ती अडली आहे ते खऱ्या कठीण जागी. वाघाला शत्रू ठरवायचं का? जिंकणं म्हणजे टोपली भरणं, की वेळीच माघारी फिरणं? आमच्या जिल्ह्यात मोह वेचताना माणसं गेली आहेत. त्यामुळे या प्रश्नांतून तिला कुठलंही साधन सोडवणार नाही, आणि सोडवूही नये.

एक अडसर मात्र अजून उभा आहे. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलसाठी गेम बनवायला लागणारं डेव्हलपमेंट किट कंपनीशी करार केल्याशिवाय मिळत नाही, आणि कागदपत्रं गुप्त ठेवावी लागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणला; म्हणजे वाट आहे, पण ती चालायला आधी परवानगी हवी. कोण पात्र हे आधीच ठरवणारा हा नव्या काळातला अधिकारभेदच आहे. शिकणाऱ्यांसाठी तरी कंपन्यांनी तो मोडावा. माणसाचा कस त्याच्या कामात लागू दे. उंबऱ्यावर तो लावण्याचा हक्क कुणालाच नाही.