घराचा कागद आणि परलोकातील हिशेब



कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे? पुष्कळांना वाटते, ती नमाज किंवा रोजाविषयी असावी. प्रत्यक्षात ती व्यवहाराच्या लिखापढीविषयी आहे. सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना आज्ञा दिली आहे की, मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. ज्या धर्माने लहानशा उधारीचीही नोंद ठेवावयास सांगितले, त्याच्या अनुयायांनी आयुष्यभराची मिळकत घालून घर घेताना कागद न वाचताच सही करावी, हे शोभणारे नाही.

‘अल्लाहवर भरवसा आहे’ असे म्हणून कित्येक जण चौकशी टाळतात. परंतु आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून घर घेणारा जे प्रश्न विचारतो, ते आपण दीनच्या प्रकाशात पाहू.

पहिला प्रश्न असा की, बँकेच्या वकिलाने कागद तपासले असतील तर आपला वकील कशाला? बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो. दिलेले पैसे वसूल होतील का, एवढाच त्याचा मुख्य प्रश्न असतो. तुमचे हित पाहणारा वकील तुम्हीच नेमावा. त्याने दुय्यम निबंधक कार्यालयातील साधारण तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा. सातबारा, फेरफार किंवा मिळकत पत्रिका पाहावी आणि मिळकतीवर जुना बोजा नाही याची खात्री करावी. नवी इमारत असल्यास महारेराची नोंदणी पाहावी. 2016 च्या कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे घर ‘विकत’ घेणाऱ्यांनीही सावध राहावे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

आणि हा लिहिणारा जर न्यायाने लिहिण्यास बांधील आहे, तर लिहवून घेणाराही सत्य सांगण्यास बांधील आहे. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी कागदावर एक किंमत आणि रोखीत दुसरी, ही लबाडी आपल्यात सर्रास चालते. खरेदी करणारा आणि विकणारा खरे बोलले व दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, आणि लपवाछपवी केली तर बरकत पुसली जाते, असे हदीसमध्ये आले आहे. ज्या घरात आपण कुरआन पठण करणार, त्याचा पहिला कागदच खोटा असावा काय?

दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि खरे संकट तिथेच आहे. विकणाऱ्याच्या बहिणींचा हिस्सा त्यांना मिळाला आहे काय? सूरह अन्-निसाने पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही वारसाहक्क ठरवून दिला आहे, मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ. बापाच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर केवळ मुलांची नावे लागली, एवढ्याने मुलींचा हक्क संपत नाही. अल्लाहच्या दरबारात तर नाहीच, पण कायद्यानेही नाही, कारण ती महसुली नोंद असते, मालकीचा पुरावा नव्हे. भावाने ‘हक्कसोडपत्रावर फक्त अंगठा दे’ म्हटले आणि बहिणीने माहेर तुटेल या भीतीने दिला, तर ती मनाची संमती नव्हे. म्हणून विकत घेणाऱ्याने वारसांची यादी मागावी, प्रत्येक बहिणीशी स्वतः बोलावे आणि तिचा वाटा तिच्या हाती पडला याची खात्री करावी. पूर्वी कुणाला तोंडी हिबा करून ताबा दिला होता काय, हेही विचारावे. कुणाची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. फ्लॅटचे क्षेत्रफळ तर त्याहून कितीतरी मोठे असते!

तिसरा प्रश्न गृहकर्जाचा. येथे गोड बोलून उपयोग नाही. अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम केले. व्याज घेणारा, देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांना प्रेषितांनी (स.) दोषी ठरवले आहे. आपल्या देशात आज व्याजमुक्त बँकेची सोय नाही, ही अडचण खरी आहे. पण म्हणून सर्व वाटा बंद झालेल्या नाहीत. एकच किंमत निश्चित करून, उशीर झाल्यास रक्कम न वाढवता, विकणाऱ्याला हप्त्याने पैसे देता येतात. दोन भावांनी लेखी हिस्से ठरवून भागीदारीत घर घेता येते. लहान घर किंवा काही वर्षे भाड्याचे घर, यातही कमीपणा नाही.

ज्यांच्यावर हे कर्ज आधीच आहे, त्यांना तुच्छ लेखू नका. त्यांनी शक्य तितक्या लवकर त्यातून मोकळे व्हावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतीपूर्वी फेड केल्यास बँक दंड आकारू शकत नाही. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे. ते कागद आणि बोजा उतरल्याची नोंद मागून घ्या. आपली अडचण जाणत्या आलिमांपुढे मांडा; मनाने पळवाट काढू नका.

आणि ज्यांना अल्लाहने संपन्नता दिली आहे, त्यांना एक प्रश्न. जमातीतला एखादा होतकरू तरुण व्याजाच्या दाराशी उभा असताना तुमचा पैसा बँकेत पडून राहावा काय? कर्जे-हसना द्या, ते लिहून ठेवा, आणि घेणारा अडचणीत आला तर सूरह अल्-बकराच्या 280 व्या आयतीप्रमाणे त्याला मुदत द्या.

या जगातील घर आपण एक दिवस रिकामे करणार आहोत. मागे राहील तो त्याचा कागद, आणि सोबत येईल त्याचा हिशेब. अल्लाह आपणा सर्वांना हलाल छप्पर आणि हक्क न बुडवलेला निवारा देवो. आमीन.