‘कोट’ कोणाचा? : सर्पंट प्लेअर्स आणि कर्तृत्वाचा नैतिक प्रश्न

समूहाने घडविलेल्या नाटकाच्या कर्तृत्वाचा विचार बहुधा श्रेयाच्या वाटणीपाशी येऊन थांबतो. कोणी किती लिहिले, शीर्षकपृष्ठावर कोणाचे नाव यावे, मानधन कसे विभागावे हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. परंतु ते नाटक करणाऱ्यांचे आपसांतले प्रश्न आहेत. ज्याच्या आयुष्यातून नाटकाचे अनुभवद्रव्य उचलले गेले तो माणूस या हिशेबात कोठेच येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘सर्पंट प्लेअर्स’ या नाट्यसंस्थेला मात्र हा प्रश्न टाळता आला नाही, कारण तिचे अनुभवद्रव्य शेजारच्या घरातून आणि तुरुंगातून येत होते.

पोर्ट एलिझाबेथ (२०२१ पासूनचे नाव केबेर्हा) या शहरालगतच्या न्यू ब्रायटन वस्तीतील काही कृष्णवर्णीय हौशी कलावंत १९६३ मध्ये गोरे नाटककार अथोल फुगार्ड यांच्याकडे साहाय्य मागण्यास गेले. नॉर्मन न्त्शिंगा हे त्यांतील एक. संस्थेचे नाव पडले ते सापांसाठी बांधलेल्या व पुढे वापरातून गेलेल्या एका जागेवरून. माकियावेली, ब्यूखनर, ब्रेख्त, सोफोक्लीझ अशा युरोपीय संहिता वस्तीतील जीवनाशी जुळवून घेत संस्थेने आरंभीची वर्षे काढली. पोलिसांची नजर आरंभापासून होतीच. १९६५ मध्ये ‘अँटिगनी’च्या तालमी चालू असताना हेमनची भूमिका करणाऱ्या सिफो म्गुकुल्वा यांना अटक झाली, न्त्शिंगांनाही त्याच वर्षी अटक झाली आणि पुढे शिक्षा. वर्णभेदी राजवटीच्या अन्यायाशी झुंजणाऱ्या या नटांना राज्याज्ञा मोडणाऱ्या नायिकेचे नाटक परके वाटले असेल, असे म्हणवत नाही.

न्त्शिंगा यांच्या खटल्यासाठी त्यांची पत्नी न्यायालयात गेली असता, न्यू ब्रायटनच्याच दुसऱ्या एका वृद्ध आरोपीने शिक्षा ऐकल्यावर अंगातला कोट काढून तिच्या हाती दिला आणि आपल्या पत्नीकडे पोचविण्यास सांगितले. तुरुंगात गेलेल्या माणसाकडून घरी आलेली ही एकमेव वस्तू. १९६६ मध्ये संस्थेने या घटनेतून ‘द कोट’ घडविले. त्याची रचना लक्षपूर्वक पाहावयास हवी. नट येथे घटनेचे प्रतिरूप उभे करीत नाहीत. ते स्वतःला पूर्वी केलेल्या पात्रांच्या नावांनी प्रेक्षकांपुढे ओळख करून देतात, घटना सांगतात, आणि मग एकेक शक्यता करून पाहतात : कोट हाती आल्यावर ती स्त्री काय करील, काय बोलेल, घरभाडे थकले तर कोट विकील का? ब्रेख्तची छाया येथे स्पष्ट आहे. परंतु नटाने पात्रापासून अंतर राखणे हा येथे केवळ शैलीचा भाग राहत नाही. ‘ती असे वागली’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, ‘ती असे वागू शकेल’ एवढेच आपण म्हणू शकतो, ही मर्यादा नटांनी रचनेतच स्वीकारली आहे. दुसऱ्याच्या दुःखाशी तादात्म्य पावल्याचा दावा येथे केला जात नाही. आणि तो न करणे हीच या नाटकाची नैतिक बाजू होय.

आणखी एक गोष्ट. हे नाटक प्रथम झाले ते गोऱ्या प्रेक्षकांसमोर. संस्थेचे काम पाहण्याची इच्छा शहरातील गोऱ्या नाट्यरसिकांच्या एका मंडळाने व्यक्त केली होती आणि वोले शोयिंका यांची एक विनोदी नाटिका सादर करण्याचे ठरत होते. सरकारी परवानगी मिळाली ती अपमानकारक अटींसह. इमारतीतील स्वच्छतागृह कृष्णवर्णीय नटांनी वापरावयाचे नाही, ही त्यांतील एक. प्रयोगच करू नये, हा एक मार्ग होता आणि त्याचे समर्थन सहज करता आले असते. संस्थेने प्रयोग केला, पण विनोद बाजूस ठेवून कोटाची गोष्ट पुढे मांडली. याला तडजोड म्हणावे काय? अट मान्य झाली हे खरेच. मात्र अट घालणाऱ्या व्यवस्थेचे फळ काय असते ते त्याच व्यवस्थेचा लाभ घेणाऱ्यांना पाहावे लागले. नकारातून हाती काय लागले असते याचे उत्तर देणे अवघड आहे. नकाराचे नैतिक पारडे जड मानण्याची समीक्षेची सवय मात्र येथे उपयोगी पडत नाही.

१९७१ मध्ये ‘द कोट’ केपटाऊनहून पुस्तकरूपाने आले ते फुगार्ड यांच्या नावावर. ‘नाटककार’ हा आपला शब्दही एकवचनी कर्ता गृहीत धरूनच बनलेला आहे, तेव्हा याचे नवल वाटू नये. पण पुढच्याच वर्षी परिस्थिती पालटू लागली. जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या नटांनी फुगार्ड यांच्यासह घडविलेले ‘सिझ्वे बान्सी इज डेड’ ऑक्टोबर १९७२ मध्ये केपटाऊनच्या ‘द स्पेस’ रंगमंचावर आले. १९७३ मध्ये त्याच जागी ‘द आयलंड’. १९७४ च्या ‘स्टेटमेंट्स’ या ग्रंथात या दोन्ही नाटकांचे श्रेय तिघांना आहे. विरोधाभास असा की, कृष्णवर्णीयाला पूर्णवेळ नट म्हणून नोंदविण्याची सोय कायद्यात नसल्यामुळे सरकारी कागदोपत्री कानी आणि न्त्शोना हे फुगार्ड यांचे घरगुती नोकर होते. एका कागदावर मालक आणि नोकर, दुसऱ्यावर सहकर्ते. मेलेल्या माणसाची ओळखपुस्तिका घेऊन त्याच्या नावाने जगणाऱ्या माणसाचे नाटक याच तिघांनी रचावे, हा योगायोग नव्हे.

नाव छापणे म्हणजे न्याय, असे समीकरण मात्र येथे मांडता येणार नाही. ‘द कोट’मधील टोपणनावे नटांच्या रक्षणासाठी होती. ‘द आयलंड’चे पहिले शीर्षकही निराळे होते, कारण रॉबेन बेटावरील तुरुंगाचा उघड उल्लेख धोक्याचा होता, आरंभी लेखी संहिताही ठेवलेली नव्हती. १९६६ मध्ये अनामिकता हे कवच होते आणि १९७४ मध्ये नाव हा हक्क झाला. कानी आणि न्त्शोना यांना १९७५ मध्ये टोनी पारितोषिक संयुक्तपणे मिळाले. १९७६ मध्ये त्यांना ट्रान्स्कायमध्ये ‘सिझ्वे बान्सी’च्या प्रयोगानंतर अटक झाली. नाव जगात पोचल्यामुळे सुटकेसाठी आवाज उठला. हे कवच कोट देणाऱ्या वृद्धाजवळ नव्हते.

‘द आयलंड’मध्ये दोन कैदी तुरुंगात ‘अँटिगनी’ सादर करतात. सिफो म्गुकुल्वा यांनी रॉबेन बेटावर खरोखरच त्या नाटकाचा आठवणीतून प्रयोग केला होता आणि त्या घटनेवर हे नाटक उभे आहे. शीर्षकपृष्ठावरील तीन नावांत त्यांचे नाव नाही. तिघांनी ते चोरले असे म्हणणे अन्यायाचे होईल; जे नाटक स्वतः म्गुकुल्वा यांनीही सोफोक्लीझकडून घेतले होते, त्याची मालकी शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. तरीही फरक उरतो. सोफोक्लीझचे नाव नाटकाच्या आत वारंवार उच्चारल्या जाणाऱ्या अँटिगनीसह सर्वांना ठाऊक असते. कोट ज्या स्त्रीकडे पोचला तिचे नाव संहितेत नाही, आणि भाडे भरण्यासाठी तिने तो अखेर विकला की नाही, हेही नाटकाने ठरवून टाकलेले नाही.