कुंपण आणि शेत

राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याचा पदव्युत्तर अभ्यास करू निघालेल्या कोकणातल्या मुलाने प्रथम कोणता प्रश्न हाती घ्यावा? मला वाटते, कुंपण आणि शेत यांचा.

आमच्या केळशीच्या उत्तरेला बाणकोटची खाडी ओलांडली, की श्रीवर्धनचा मुलूख लागतो. तिथल्या शेखाडीला फेब्रुवारी १९९३ मध्ये स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे प्राणाला मुकली. कायदा नव्हता असे नाही. ‘टाडा’ १९८५ पासूनच होता. परंतु लाच घेऊन वाट मोकळी करणारे कस्टमचे आणि पोलिसांतले लोक पुढे न्यायालयात दोषी ठरले. कुंपण उंच होते. राखणदार फितूर होता.

मग कुंपण आणखी उंच करावे? आणीबाणीत तेच केले, आणि कुंपणच शेत खाऊ लागले. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना दादही नाकारली. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध गेले. त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. त्या चौघांतल्या यशवंतराव चंद्रचूडांचा निकाल २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी, सदोष ठरवला.

आजही १९८० च्या कायद्याने माणसाला खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत अडकवता येते. उद्या अशा हुकुमाचा कागद या मुलापुढे सहीसाठी येईल. कलमे तर तो पाठ करीलच. परंतु अंधाऱ्या किनाऱ्यावर पैसा नाकारणे आणि न्यायासनावर एकट्याने ‘नाही’ म्हणणे, हा एकच गुण आहे. तो त्याला आपण घरीच शिकवायला हवा.