अब्रूचं देणं

पैसे बुडवणारा माणूस ‘मी पैसे देणार नाही’ असं कधीच म्हणत नाही. निदान आमच्या औरंगपुऱ्यात तरी असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. तो म्हणतो, ‘देऊ की!’ आता या ‘देऊ की’मधला ‘की’ फार महत्त्वाचा. ‘देऊ’त नुसता भविष्यकाळ आहे, तो किती लांबचा आहे, ते ‘की’त आहे. शिवाय त्यात थोडा रुसवाही असतो. म्हणजे शिलाई बुडाली मास्तरांची, आणि मागितल्याबद्दल ओशाळायचंही मास्तरांनीच!

हे व्याकरण मी शिकलो ते आमच्या टेलरमास्तरांच्या दुकानात. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि एक स्टूल. त्यातलं स्टूल माझं. माझं अक्षर बरं आहे, म्हणून संध्याकाळी त्यांची उधारीची वही लिहायचं काम रोजच्या एका कट चहाच्या मानधनावर माझ्याकडे आलं. 2023 साली शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. वहीतली नावं मात्र जिथल्या तिथं आहेत.

दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आहे. गिऱ्हाईक ती मोठ्यानं वाचतं, हसून दाद देतं आणि म्हणतं, ‘मग मास्तर, मी उद्याच आलोय असं समजा!’ पूर्वी ‘सुट्टे नाहीत’ हे एक कारण हुकमी होतं. 2016 साली यूपीआय निघालं, पुढं टेबलावर चौकड्यांचा तो कोड चिकटला आणि पैसे आले की पुकारा करणारा डबाही आला. त्याबरोबर ‘रेंज नाही’ हेही आलं. डबा आलेले पैसे ओरडून सांगतो. न आलेल्या पैशांबद्दल तो मास्तरांसारखाच गप्प बसतो.

बरं, वहीतली ही माणसं चोर आहेत का? मुळीच नाहीत. सापडलेलं पाकीट नेऊन देतील अशी आहेत. विजेचं बिल वेळेवर भरतात, कारण वीजवाले कनेक्शन कापतात. बँकेचा हप्ता चुकवत नाहीत, कारण बँक दंड लावते. शिंपी कापून कापून काय कापणार? कापड! तेव्हा तो रांगेत शेवटी. आपल्या देण्यांची रांग अशी धाकानं लागते. ज्याला थांबणं परवडतं त्याला आधी, आणि ज्याला परवडत नाही त्याला सवडीनं.

पण मास्तरांना अस्तर, बकरम, दोरा रोखीनं आणावा लागतो. काजबटणं करून देणाऱ्या बाईंचे पैसे आठवड्याला द्यावे लागतात. गल्ल्यात नसले की मास्तर ते व्याजानं उचलतात. म्हणजे बघा, आपण चांगली खाऊनपिऊन सुखी माणसं मशीन मारणाऱ्या माणसाकडून बिनव्याजी कर्ज घेतो, आणि त्या कर्जाचं व्याज भरतो तो!

‘अहो, कायदा आहे ना!’ असं कुणी म्हणेल. आहे. मी तो मुद्दाम काढून वाचला. 1872 चा भारतीय करार कायदा, कलम 170. आपल्याकडे सोपवलेल्या वस्तूवर ज्यानं कष्ट आणि कसब खर्च केलं, त्याला मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. वाचून मला भरतं आलं. पण खाली दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात एक जवाहिऱ्या आहे. त्यानं हिऱ्याला पैलू पाडले. पैसे मिळेपर्यंत त्याला हिरा ठेवून घेता येतो. दुसऱ्यात शिंपी आहे. त्यानं कोट शिवला खरा, पण पैशांना तीन महिन्यांची उधारी आधीच कबूल केली. सबब त्याला कोट अडवता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्या विद्वानांनाही रोखीला जवाहिऱ्या आणि उधारीला शिंपीच सुचावा, यात सगळं आलं!

मग उरतो दावा. तो 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणं तीन वर्षांच्या आत लावायचा. साडेचारशे रुपये शिलाईसाठी कोर्टात जायचं, तर वकिलाची फी उधार ठेवावी लागेल. तीन वर्षं उलटली की दावा बाद. मात्र एक गंमत ध्यानात घ्या. कायदा दावा बाद करतो. देणं फिटलं असं म्हणत नाही. ते तसंच राहतं, फक्त कोर्टाच्या बाहेर पायरीवर येऊन बसतं.

अशा कोर्टाबाहेरच्या देण्यांना विलायतेत एक सुंदर नाव होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधले उमराव पत्त्यांत हरलेले पैसे तत्परतेनं चुकते करत, आणि शिंप्याला मात्र महिनोन्महिने ताटकळत ठेवत. जुगारातलं देणं म्हणजे अब्रूचं देणं! कारण शिंप्याला कोर्टाचं दार तरी आहे. पत्त्यांतल्या देण्यामागं दिलेल्या शब्दाशिवाय काहीच नाही. कपड्यांच्या ऐटीसाठी गाजलेला ब्यू ब्रमेल याच मंडळींतला. तो 1816 साली कर्जबाजारी होऊन फ्रान्समध्ये कॅलेला पळाला.

हे वाचून मी आधी हसलो. मग वाटलं, तर्क काही वाईट नाही, फक्त पत्ता चुकला आहे. जे देणं कुणी वसूल करू शकत नाही, ते अब्रूचं. ठीक. मग मास्तरांचे साडेचारशे रुपये कोण वसूल करू शकतो? दोनदा मागितले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. तेव्हा खरं अब्रूचं देणं हेच. बँकेच्या हप्त्यात धाक किती आणि सचोटी किती, हे कसं सांगावं? माणसाची सचोटी शुद्ध स्वरूपात बघायची असेल, तर ती शिंप्याच्या वहीत बघावी.

आता कुणी म्हणेल, एखाद्याची खरोखरच अडचण असते. असते ना! ती मास्तरांना वही न बघता कळते. ते म्हणतात, ‘सर, ज्याच्याकडे नसतात तो आपल्याला बघून रस्ता बदलतो. ज्याला द्यायचे नसतात तो आत येऊन चहा पितो.’

यंदा पाडव्याला आम्ही वही बदलली. मी जुनी नावं नव्या वहीत उतरवत होतो. एका नावाशी मास्तर म्हणाले, ‘हे राहू द्या.’ दोन पोरांचे शाळेचे गणवेश होते, बापाचा कारखाना बंद पडलेला.

‘सोडून देताय?’

‘वहीत नाव असलं की तो या गल्लीतनं येत नाही, सर. येऊ दे ना बिचाऱ्याला.’

आणखी अशी तीन-चार नावं होती. मास्तर जरा थांबले, मनात बेरीज केली आणि म्हणाले, ‘बाकीची उतरवा. सगळ्यांना सोडायला आपण काय निजाम आहोत?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. न देणारे नुसते मास्तरांचे पैसे खात नाहीत. ज्याला सोडावंसं वाटतं त्याला सोडण्याची त्यांची ऐपतही खातात. उदार व्हायचं ते मास्तरांनी, ज्याच्याबद्दल त्यांना वाटेल त्याच्याबद्दल. आपण ते औदार्य परस्पर उचलून आपल्याच नावावर जमा करतो.

पुढचं नाव सिडकोतल्या एका बंगल्याचं होतं. लग्नात मिरवलेला कोट, तीन वर्षांपूर्वीचा. मी ते पहिल्या पानावर, माझ्या ठेवणीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं. मास्तरांनी वाकून पाहिलं.

‘सर, इतकं सुंदर नका लिहू. त्यांना वाटेल, आमंत्रण आहे. पुन्हा चहाला येतील!’