कात्री कोणाची, ते सांगा

सुट्टीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडच्या घरांत दुपारी हमखास एखादा विनोदी सिनेमा लागलेला असतो. भाताची झोडणी उरकलेली, पोरं टीव्हीपुढे आडवी पसरलेली. पडद्यावरचा एक जण देवाधर्माबद्दल काहीतरी बोलतो. ओठ हलतात, आवाज मात्र गायब होतो आणि खालच्या ओळीत फुल्या उमटतात. आजी विचारते, "काय म्हणाला रं तो?" कुणालाच सांगता येत नाही.

मग तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं सरकारनं कापलं, कुणी म्हणतं ‘त्या लोकांनी’ ओरड केली असेल. मला काळजी वाटते ती इथे. गाळलेला शब्द कळला नाही की माणूस त्या जागी स्वतःचा संशय भरतो, आणि तो संशय दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर जाऊन बसतो. शेजाऱ्याने तर तो सिनेमा पाहिलेलाही नसतो.

खरं तर शब्द कापणारे हात अनेक असू शकतात. 1952 च्या कायद्याखालचं सेन्सॉर बोर्ड आहे. केबल टीव्हीच्या नियमांतला कार्यक्रम-संहितेचा सहावा नियम आहे. धर्मांवर हल्ला करणारी वा धार्मिक गटांचा अवमान करणारी दृश्यं-शब्द तो वर्ज्य ठरवतो. त्या नियमाच्या धास्तीने वाहिनी स्वतःच आधी कात्री चालवू शकते. परदेशी सिनेमा असेल तर भाषांतर करणाऱ्यानेच तो शब्द टाळलेला असू शकतो. यातला कोणता हात, हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या ‘ओएमजी 2’ या सिनेमाचं उदाहरण वेगळं आहे. अक्षय कुमारची भूमिका साक्षात शंकराची न ठेवता शिवदूताची करावी लागली, आणि एवढे बदल करूनही ‘प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र मिळालं. मला तो निर्णय पटला नाही. पण काय बदललं, कुणी बदलायला लावलं, हे लोकांना कळलं, म्हणून त्यावर भांडता तरी आलं.

देवाला हसू चालत नाही, असं या मातीत कुणी म्हणू नये. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, बैलबाजार भरतो, घोंगड्यांची दुकानं लागतात, तमाशाचे तंबू उभे राहतात. तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी त्यांना फटकारते, आणि दुपारी देवाला नारळ फोडून आलेला माणूस रात्री पोट धरून हसतो. त्याची भक्ती तसूभर कमी होत नाही. एखादा शब्द खटकलाच तर तो तिथंच उठून बोलू शकतो, कारण बोलणारा समोर उभा असतो.

आक्षेप घेण्याचा हक्क मी नाकारत नाही. तो उजेडात घ्यावा, एवढंच. गोविंद निहलानींच्या ‘तमस’ मालिकेविरुद्ध 1988 मध्ये एक प्रेक्षक मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी अख्खी मालिका स्वतः पाहिली, मग कारणं देऊन बंदी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेच्या बाजूनेच निकाल दिला. आक्षेप घेणारा कोण, निर्णय देणारे कोण, कारण काय, सगळं नोंदलेलं आहे. आजही कुणी वाचू शकतं.

वाहिन्यांना माझी विनंती आहे: सिनेमा सुरू होण्याआधी एक पाटी दाखवा, किती ठिकाणी शब्द गाळले आणि कुणाच्या सांगण्यावरून. आणि वाचकहो, एखादा संवाद तुम्हाला खरोखर दुखावून गेला, तर तक्रार जरूर करा, पण तिच्याखाली स्वतःची सही करा.