घोडनदीकाठचे ज्ञान कोणाचे?

घोडनदी सह्याद्रीत आहुपेच्या बाजूला उगम पावते, आंबेगाव तालुक्यातून मंचरजवळून वाहते आणि पुढे शिरूरकडे जाते. याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथली पांढरीची टेकाडे खणली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव वर आले. शंभराहून अधिक घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट, आणि घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले होते.

या कामाचा अहवाल 1988 साली निघाला. त्यावर तीन नावे आहेत : ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी. झैनुद्दीन दाऊद अन्सारी हे नाव आपल्या किती घरांत माहीत आहे? नेवाशाच्या उत्खननाच्या अहवालावरही त्यांचे नाव आहे. महाराष्ट्राच्या मातीतला सर्वांत जुना शेतकरी ज्यांनी शोधला, त्यांत आपला एक माणूस होता, आणि आपल्या पोरांना ते कुणी सांगितले नाही. (आपल्यातला कोण हे शोधण्याची ही सवय फारशी चांगली नाही, हे मला कळते. पण ज्या पोराला रोज ‘तू बाहेरचा’ असे ऐकावे लागते, त्याच्यासाठी एवढी सवलत घेतो.)

अहवाल इंग्रजीत आहे, जाडजूड आहे, आणि विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेला आहे. त्यात गैर काही नाही, शास्त्राला ते लागतेच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्यांच्या शेताखालून हे ज्ञान निघाले, त्या नदीकाठच्या माणसांचा त्यावर काही हक्क आहे की नाही? आणि हक्क असेल, तर तो पोचवण्याची जबाबदारी कुणाची?

म. के. ढवळीकरांनी आपल्यापुरते उत्तर दिले. 2011 साली ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे त्यांचे मराठी पुस्तक आले. ज्याला पुरातत्त्वाची बाराखडी येत नाही असा वाचकही ते वाचू शकतो. पण इंग्रजी अहवाल आणि हे पुस्तक यांच्यामध्ये तेवीस वर्षे गेली, आणि तोवर ते नोकरीतून निवृत्त झालेले होते. नोकरीत असताना प्राध्यापकाला अशा लेखनाचे काय मिळते? 2010 च्या यूजीसी नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुण लावले. शोधनिबंधाला त्यात जे वजन होते, ते मंचरच्या बाजारपेठेत कांदा-बटाट्याचे आडते आणि हमाल यांच्यापुढे केलेल्या व्याख्यानाला नव्हते. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ वर्षानुवर्षे गावोगावच्या महाविद्यालयांत जयकर व्याख्यानमाला भरवत आले, म्हणजे कल्पना नवी नाही. पण तिथेही श्रोते बहुतेक विद्यार्थीच. मोहल्ल्यातला माणूस त्या फाटकातून आत जात नाही. त्याला कुणी अडवत नाही, तरी तो जात नाही.

जुन्नर-आंबेगावकडच्या जुन्या इमारतींवर फारसी लेख आहेत. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. 1490 साली मलिक अहमदने तिथूनच आपले राज्य सुरू केले. आपली मुले मदरशात अरबी अक्षरे शिकतात, म्हणून त्यांना हे लेख पाहून काही अक्षरे जुळवता येतात, पण अर्थ लागत नाही. असे लेख वाचून त्यांचे अर्थ लावणारे झियाउद्दीन देसाई यांच्यासारखे विद्वान पुरातत्त्व खात्यात होऊन गेले. त्यांचे वाचन इंग्रजी खंडांत छापले गेले. भिंत गावात आणि अर्थ ग्रंथालयात, अशी ही फारकत आहे. उद्या एखाद्या जुन्या इमारतीवरून वाद उभा राहिला, तर दोन्ही बाजूंनी ओरडणारे असतील, आणि त्यांतल्या एकानेही भिंतीवरचा लेख वाचलेला नसेल.

इथवर गोष्ट सोपी आहे. ज्ञान ही अमानत आहे, ती ज्याची त्याला पोचवावी, असे म्हटले की सगळे माना डोलावतात. अवघड भाग पुढे आहे.

इनामगावच्या ढिगाऱ्यात जनावरांची हाडे भरपूर निघाली. त्यांत गाई-बैलांची हाडे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यावर कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा आहेत. ही माणसे गोवंशाचे मांस खात होती. 2015 साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा कुरेशी समाजाच्या हजारो घरांच्या चुली अडचणीत आल्या. अशा वेळी एखाद्या प्राध्यापकाने मंचरला येऊन हे हाडांचे सत्य सांगावे का? सांगितले तर सभेत टाळ्या पडतील, आणि चौकात कदाचित दगड पडतील. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत काय झाले ते महाराष्ट्राला आठवते. परदेशी लेखकाच्या एका पुस्तकावरून जमाव आत शिरला आणि त्याने ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस केली. त्यानंतर ज्या संशोधकांनी गप्प राहणे पसंत केले, त्यांना भित्रे म्हणणे मला जमत नाही.

तरीही मला वाटते, सांगावे. पण सगळे सांगावे. त्या माणसांना आजच्या अर्थाने हिंदूही म्हणता येत नाही, मुसलमान तर नाहीच. तेच बैल त्यांच्या शेतीतही असणार. पाऊस कमी होत गेला तशी त्यांची शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी गाव उठले. हे सगळे सांगितले तर हाड हे हाड राहते. तेवढेच उचलले तर त्याची काठी होते. ती कुणाच्या हातात आहे यावरून मी तिचा न्याय करणार नाही, आपल्या हातात असली तरी ती काठीच.

आणि ऐकणाऱ्यांचे काय? आपल्याला सोयीचे तेवढेच ऐकायला बोलावले, तर ज्ञानी माणसाची आपण वकिलावर बोळवण करतो. मलिक अंबरच्या महसूल पद्धतीवर व्याख्यान ठेवले की आपल्याकडे सभागृह भरते. 1973 साली इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांतल्या जातींवर ग्रंथ संपादित केला, त्यावर सभा ठेवायची तर किती खुर्च्या लागतील? सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर हेच काम मराठीत करत राहिले. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही ते होते. भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजसंरचना यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. आपल्यात अशराफ कोण आणि बाकीचे कोण, हा प्रश्न मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावर दिसत नाही. तो लग्न ठरवताना दिसतो. बेन्नूरसर त्यावर बोलत. त्यांना वर्गाबाहेर हे बोलण्याचे पगारात काही मिळाले नसेल, आणि जमातीतही सगळेच खूश झाले नसतील.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाचे तेच झाले. त्यामागे अर्थतज्ज्ञ होते, आकडे होते. आपण त्यातून ‘आपली हालत वाईट’ एवढे एक वाक्य उचलले आणि वीस वर्षे तेच वापरत आलो. त्यात मुस्लिम ओबीसींवर स्वतंत्र प्रकरण आहे. मंचरमधले तांबोळी, आत्तार, बागवान, मोमीन यांना ते कुणी समोर बसून वाचून दाखवले, तर पहिल्या तासाला सरकारवर राग निघेल. दुसऱ्या तासाला काही प्रश्न आपल्याच मोहल्ल्यातल्या लोकांना विचारावे लागतील. प्राध्यापकाने त्या दुसऱ्या तासापर्यंत बसावे, आणि आपणही उठून जाऊ नये.