उशीखालचा पाव

सोव्हिएत रशियातून सुटून १९४२ मध्ये इराणात पोचलेली पोलंडची मुलं रात्री उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवायची. उद्या परत मिळणार आहे असं सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटायचं नाही. कसं वाटेल? सैबेरियात, कझाकस्तानात भुकेनं माणसं मेलेली त्यांनी पाहिली होती.

आपण उठता-बसता अपरिग्रह म्हणतो. मग उशीखालचा तो तुकडा परिग्रह झाला का? मला नाही तसं वाटत. परिग्रहात आसक्ती असते. इथं नुसतं भय आहे, आणि भयाला उपदेश लागू पडत नाही. त्याला अभय लागतं. आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. त्यातली पहिली तीन हातानं देता येतात. चौथं कसं द्यायचं?

अशीच पोलिश मुलं पुढं आपल्या शेजारी, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली. १९४३ ते १९४८ तिथं छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. (हे आपलं दान असं मात्र समजू नये. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारनं उचलला होता.) दवाखाना होता, चर्च होतं, आणि शाळा होत्या त्या पोलिश भाषेतल्या. कुणी म्हणेल, मग ती मुलं इथं रुळणार कशी? मला वाटतं, त्यामुळंच थोडीफार रुळली असतील.

‘रुळली का?’ हा प्रश्न आपण बायकांनी किती ऐकलाय! सासरी आल्यावर महिनाभरात जो तो विचारतो. त्याचा खरा अर्थ, आता हिचा आम्हाला त्रास नाही ना? तरी आपल्याला माहेर असतं. रडू आलं तर जायला जागा असते. निर्वासित लेकराचं माहेरच गेलेलं असतं. भाषा तेवढी उरते. तीही लवकर विसर म्हणणं, आणि विसरलं की ‘गुणी पोर’ म्हणून पाठ थोपटणं, याला अभय म्हणता येईल?

लढाई संपली तरी वळिवड्याच्या कितीतरी मुलांना घर मिळालं नाही. त्यांची गावं नव्या सरहद्दीनं सोव्हिएत संघात गेली होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठं. तिथं पुन्हा पहिल्यापासून रुळायचं.

आणि ती छावणी? फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासितांना जागा दिली. आजचं गांधीनगर ते हेच. पोलिश मुलं कधीतरी जाणार, असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून त्यांची भाषा कुणाला खुपली नाही. सिंधी मुलं कायमची राहायला आली होती. आपल्या शेजारात कायम राहणाऱ्या लेकराला त्याची भाषा, त्याचे सण, त्याची भाजी-भाकरी ठेवू द्यायला आपलं मन एवढं का कचरतं?